बॉक्समध्ये हवा किती हवी?

या वेळच्या पत्रांत एकच दुखणं वेगवेगळ्या तोंडांनी आलं आहे: गाडीतला वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) चांगला, अॅम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) चांगला, पण बॉक्स त्या वूफरच्या मापाचा नाही. नवा बॉक्स करून घेणं हा एक उपाय झाला. पण पुष्कळदा जुन्याच बॉक्सच्या आतली जागा कमी-जास्त करून काम भागतं, आणि तेच कसं करायचं ते खाली आहे. सगळीकडे लिटर वापरले आहेत. वूफरच्या कागदावर घनफूट असतील तर २८.३ ने गुणा. 'नक्त' म्हणजे आतल्या मापातून वूफरचं धड, पोर्टचा (बॉक्समधली हवा आत-बाहेर जाऊ देणारा) पाइप आणि आधाराच्या पट्ट्या यांनी खाल्लेली जागा वजा करून उरलेली हवा. वूफरचा संबंध तेवढ्याच हवेशी येतो.

वाचक, चिंचवड: १२ इंची वूफर बदलला, बॉक्स जुनाच आहे. पाठ तिरकी, सीटला टेकणारी, पोर्ट नाही. बाहेरून रुंदी ५६ सेंमी, उंची ३६, खोली वर २४ आणि खाली ३४. एमडीएफ १८ मिमी. नव्या वूफरच्या कागदावर सीलबंद बॉक्ससाठी २८ लिटर लिहिलं आहे. माझा बॉक्स मोठा आहे का? असेल तर आत वाळूची पिशवी ठेवून चालेल का?

मोठा आहे. वाळूची पिशवी चालणार नाही. आता हिशेब.

रुंदीतून आणि उंचीतून दोन-दोन फळ्यांची जाडी काढा: ५२.४ आणि ३२.४ सेंमी उरतात. खोली वर-खाली वेगळी, म्हणून सरासरी घ्यायची, २९. त्यातून दोन फळ्या गेल्या की २५.४, पण तिरकी फळी आडव्या रेषेत मोजली की १८ ऐवजी पावणेएकोणीस मिमी भरते, म्हणून २५.३ धरू. तिन्हींचा गुणाकार ४२,९५३ घन सेंमी, म्हणजे ४३ लिटर. १२ इंची वूफरचं धड साधारण ३ लिटर खातं. नक्त ४० लिटर राहिले.

इथे एकदा कागद नीट वाचा. काही उत्पादक वूफरची जागा धरून आकडा देतात, काही वगळून. तुमच्या कागदावर दुसरा प्रकार आहे असं मानून पुढे जातो. पहिला असेल तर तुम्हाला १२ नाही, १५ लिटर कमी करावे लागतील.

करायलाच हवं का, हा खरा प्रश्न. बंद बॉक्समधली हवा ही वूफरच्या मागे लावलेली स्प्रिंग असते. जागा कमी तर स्प्रिंग ताठ, जागा जास्त तर सैल. ही स्प्रिंग मुद्दाम कामाला लावता येते हे अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या एआर-१ स्पीकरने १९५४ साली दाखवून दिलं. तिचा हिशेब कसा करायचा ते पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी बसवून दिलं. वूफरच्या कागदावरचे एफएस (मोकळ्या हवेतला अनुनाद, म्हणजे ज्या सुराला वूफर आपसूक डोलतो ती वारंवारता), क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरला जातो त्याचा आकडा), व्हीएएस (वूफरच्या निलंबनाएवढी ताठ असणारी हवा, लिटरमध्ये) हे आकडे त्यांच्याच नावाने ओळखले जातात. रीत सोपी आहे. व्हीएएसला बॉक्सच्या नक्त लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. या आकड्याने एफएसला गुणलं की बॉक्समधल्या वूफरची अनुनाद-वारंवारता मिळते, आणि क्यूटीएसला गुणलं की क्यूटीसी, म्हणजे बॉक्ससकट तोच आकडा, मिळतो. क्यूटीसी ०.७ च्या आसपास असेल तर बास सरळ उतरतो. १ झाला की अनुनादाजवळ सव्वा डेसिबलचा उंचवटा येतो, १.२ झाला तर जवळजवळ अडीच डेसिबलचा, आणि मग बास 'भुम्म' करत रेंगाळतो.

एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४८, व्हीएएस ६० लिटर असा वूफर धरा. ४० लिटरमध्ये क्यूटीसी ०.७६ येतो, अनुनाद ४४ हर्ट्झवर. २८ लिटरमध्ये ०.८५ आणि ५० हर्ट्झ. ऐकताना एवढा फरक फार नाही, कारण बंद गाडीची केबिन स्वतःच खालचे सूर उचलते. हॅचबॅकमध्ये ही उचल साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली सुरू होते. फरक पडतो तो कोनच्या, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या शंकूच्या हालचालीत. अगदी खालच्या सुरांना तेवढ्याच पॉवरवर ४० लिटरमधला कोन २८ लिटरमधल्यापेक्षा पाव पटीने जास्त हलतो. तुमचा अॅम्प वूफरच्या पूर्ण क्षमतेचा असेल आणि आवाज चढवून ऐकत असाल, तर कोनला हलवणारी तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटून 'टक्' असा आवाज येईल. तेवढ्यासाठी जागा कमी करा. बेताने ऐकत असाल तर बॉक्सला हात लावू नका. दहा टक्के इकडेतिकडे असेल तर कोणीच लावू नये.

कमी करायची जागा म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती. मागे भरलं तर वूफरच्या पाठीमागे श्वास घ्यायला जागा उरत नाही. बाजूच्या एका भिंतीचं क्षेत्रफळ ८२० चौरस सेंमी; त्यावर १८ मिमीचा एक थर म्हणजे जवळपास दीड लिटर. दोन्हीकडे चार-चार थर लावले की ११.८ लिटर गेले. रुंदी ३८ सेंमी उरते, त्यात १२ इंची वूफर आरामात बसतो. पण वजन ९ किलोंनी वाढतं. त्याऐवजी छताच्या उष्णतारोधनासाठी मिळणारा एक्सपीएस फोम, ५० मिमी जाडीचा, दोन्ही भिंतींना लावा आणि त्यावर १८ मिमी प्लाय. दोन्ही बाजू मिळून ११.२ लिटर, वजन दोन-सव्वादोन किलो. आम्ही हेच सुचवू. साधा पांढरा थर्माकोल मऊ आणि दाण्यादाण्यांचा असतो, तो टाळा.

काम असं. वूफर काढा, भोक मोजा. १२ इंचीला ते साधारण २८ सेंमी असतं. भिंतीचा अख्खा तुकडा त्यातून जाणार नाही, म्हणून प्रत्येक तुकडा आडवा दोन भागांत कापा. गोंद लावण्याआधी सगळे तुकडे कोरडे बसवून पाहा आणि वूफरही एकदा ठेवून पाहा. एक्सपीएसला रबराचा सोल्युशन लावू नका, फोम विरघळून जातो. पाण्याचा फेव्हिकॉल किंवा फोमला चालणारा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद लावा. वरची प्लाय फोममधून आरपार मूळ भिंतीत जाणाऱ्या लांब स्क्रूंनी आवळा, एका तुकड्याला चार. फोम हवा आत घेत नाही, म्हणून पाण्याचा गोंद सावकाश वाळतो. ४८ तास द्या. सांध्यांना सिलिकॉन भरलं तर त्याचा आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय वूफर बसवू नका. ती वाफ बंद बॉक्समध्ये कोंडली की वूफरच्या धातूला गंज आणते.

राहिली वाळूची पिशवी. वाळूच्या कणांमध्ये भरपूर हवा असते, त्यामुळे १० लिटर वाळूची पिशवी १० लिटर जागा अडवत नाही. शिवाय ती हलते आणि तिची धूळ कॉइलच्या फटीत जाते. मात्र अंदाज घ्यायला एक युक्ती आहे. एक-एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या कोरड्या वाळूने गच्च भरा, झाकणं घट्ट लावा, जुन्या चादरीत गुंडाळून हलणार नाहीत अशा आत बसवा आणि हळू आवाजात ऐका. प्रत्येक बाटली लिटरभराहून किंचित जास्त जागा अडवते. आवडलं तेवढ्या बाटल्या मोजा, मग पक्कं काम करा. रिकाम्या बाटल्या मात्र नकोत. दाबाने त्या आत-बाहेर होतात, म्हणजे जागा अडवतच नाहीत.

वाचक, नाशिक: गाडीला सीएनजी बसवल्यावर डिकीत जागा उरली नाही. आधीचा पोर्टवाला बॉक्स नक्त ५० लिटरचा होता, १० सेंमी आतल्या व्यासाचा ३३ सेंमी लांब पाइप. मिस्त्रीने तो कापून नक्त ३६ लिटरचा केला, पाइप तोच ठेवला. आता सगळी गाणी एकाच सुरात ढुमढुमतात. पाइप छोटा करावा का?

उलट. लांब करावा लागेल.

बंद बॉक्स छोटा झाला तर बिघाड हळूहळू होतो. पोर्टवाल्याचं तसं नाही. त्याचं ट्यूनिंग, म्हणजे ज्या सुराला पोर्ट सगळ्यात जोरात बोलतो ती वारंवारता, पाइप आणि हवा मिळून ठरवतात, एक बदललं की दुसरंही बदलावं लागतं. जागा घटली की ट्यूनिंग वर जातं. तुमचा जुना बॉक्स ३४ हर्ट्झवर होता. त्याच पाइपवर ३६ लिटर म्हणजे ४० हर्ट्झ. आता ४० ते ५५ च्या पट्ट्यात सगळं फुगतं, त्याखाली बास एकदम तुटतो, आणि केबिनची उचल त्या फुगवट्यावर आणखी चढते. ढोलाचं रेकॉर्डिंग लावून बघा, प्रत्येक ठोका एकाच उंचीचा वाटेल.

याहून वाईट म्हणजे, ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना पोर्टवाल्या बॉक्समध्ये कोनला धरून ठेवणारी स्प्रिंगच उरत नाही. पूर्वी ३२ हर्ट्झपर्यंत सुरक्षित असलेला वूफर आता ३६ लाच मोकाट सुटतो. अॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर गाळणारा) असेल तर पाइप बदलेपर्यंत तो आज ३६-३८ वर आणून ठेवा.

पाइपची लांबी अशी काढतात: २३,५६२ ला पाइपच्या आतल्या व्यासाच्या (सेंमी) वर्गाने गुणायचं; त्याला हव्या असलेल्या ट्यूनिंगचा वर्ग गुणिले नक्त लिटर, याने भागायचं; आलेल्या आकड्यातून व्यासाची ०.७३ पट वजा करायची. पाइपचं एक तोंड फळीशी सपाट बसवलेलं असेल तेव्हाचं हे गणित आहे. ३४ हर्ट्झ, ३६ लिटरला ४९ सेंमी येतात. पण लांब पाइप स्वतः जास्त जागा खातो. बाहेरून ११ सेंमीचा पाइप दर १० सेंमीला जवळजवळ १ लिटर खातो, म्हणजे नक्त ३६ चे साडेचौतीस होतात आणि लांबी पुन्हा वाढते. दोन-तीनदा फिरवून आकडा ५२ सेंमीवर थांबतो. मिस्त्री लोकांची सगळ्यात नेहमीची चूक हीच, एकदाच गणित करून सोडून देतात.

५२ सेंमीचा सरळ पाइप त्या बॉक्समध्ये बसणार नाही. नळकामाच्या दुकानात ११० मिमीचा एल्बो (काटकोनी जोड) मिळतो तो लावा, आणि लांबी वळणाच्या मधल्या रेषेवर मोजा. पाइपचं आतलं तोंड कोणत्याही भिंतीपासून निदान १० सेंमी लांब राहिलं पाहिजे. जवळ गेलं तर ट्यूनिंग खाली सरकतं आणि हवा फसफसते. बारीक पाइप घेऊन लांबी वाचवायचा मोह होईल. साडेसात सेंमी व्यासाला साधारण २६ सेंमीच पुरतात हे खरं, पण १० किंवा १२ इंची वूफरला तेवढ्या भोकातून हवा ढकलायला लावली तर आवाज चढवताच पाइप शिट्टीसारखा वाजतो.

आमचं मत विचाराल तर पोर्ट बंद करा. आतून १८ मिमी प्लायची चकती गोंद आणि स्क्रूने बसवा, कडांना सिलिकॉन भरा, पाइप काढून टाका. पाइपची जागा सुटून ३९ लिटरचा सीलबंद बॉक्स मिळेल. वरच्या उत्तरातल्या रीतीने क्यूटीसी काढा, ०.९५ च्या आत येत असेल तर निर्धास्त करा. ४० हर्ट्झजवळचा जोर थोडा कमी होईल, पण सूर वेगवेगळे ऐकू येतील आणि वूफर वाचेल. वूफरचा क्यूटीएस ०.३ च्या आसपास असेल तर मात्र तो पोर्टसाठीच जन्मलेला आहे, बंद बॉक्समध्ये कोरडा वाटेल. मग एल्बोचाच मार्ग.

आणि सीएनजीबद्दल: बॉक्स सिलिंडरवर किंवा त्याच्या पट्ट्यांवर टेकवू नका. वॉल्व्हवरचा हाताने बंद करायचा नॉब बॉक्स न हलवता गाठता आला पाहिजे. वायू बाहेर नेणारी नळी दबू देऊ नका, आणि अॅम्पच्या वायरचा कोणताही जोड वॉल्व्हजवळ ठेवू नका. डिकीच्या तळाला स्क्रू मारण्याआधी खालून काय गेलं आहे ते गाडी उचलून बघा. सीएनजीची नळी तिथूनच जाते.

वाचक, ठाणे: माझा बॉक्स उलट लहान आहे. १० इंची वूफर, नक्त २० लिटर, सीलबंद. कागदावर २४ लिटर. उशीतला फायबर भरला की बॉक्स मोठा होतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, थोड्या प्रमाणात. बंद हवा दाबली की तापते आणि तापल्याने आणखी ताठ होते. बारीक तंतूंमध्ये ती ऊष्मा शोषली जाते, हवा थंड राहते आणि स्प्रिंग मऊ होते. वूफरला वाटतं बॉक्स मोठा झाला. कागदावर ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात १० ते २० टक्के मिळाली तर समाधान माना. म्हणजे तुमचे २० लिटर २२ ते २४ सारखे वागतील, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे.

गाद्या-उशांच्या दुकानात रेक्रॉन म्हणून जो पांढरा पॉलिस्टर फायबर मिळतो तोच घ्या. दर लिटरला ८ ते १२ ग्रॅम. तुम्हाला १६० ते २४० ग्रॅम. हाताने पिंजून मोकळा करा आणि सगळीकडे सारखा पसरा, एका कोपऱ्यात गोळा नको. दाबून ठासलात तर उलटा परिणाम होतो: तंतूच जागा अडवू लागतात. वूफरच्या चुंबकामागे भोक असेल तर त्यासमोर निदान पाच सेंमी मोकळे सोडा आणि मध्ये मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पिनांनी ठोका, म्हणजे तंतू आत ओढले जाणार नाहीत. आधी १६० ग्रॅम भरा, ऐका, मग वाढवा. पुढच्या उत्तरात अनुनाद मोजायची रीत दिली आहे. फायबर घालता घालता अनुनाद ज्या क्षणी खाली जायचा थांबेल तिथे थांबा.

पोर्टवाला बॉक्स असेल त्यांनी हे करू नये. तिथे भिंतींना २५ मिमीचा थर चिकटवला तर पुरे. मोकळा फायबर पोर्टमधून डिकीत उडतो.

खरोखरची जागा वाढवायची असेल तर दोन मार्ग. वूफरखाली प्लायची जाड रिंग लावा: १२ इंचीला १८ मिमीची एक रिंग साधारण १.१ लिटर देते, १० इंचीला त्याहून कमी. किंवा वूफर उलटा बसवा, चुंबक बाहेर. मग त्याचं धड आतली जागा खात नाही आणि कोनच्या खोलगट भागातली हवाही बॉक्सला मिळते. उलट्या वूफरच्या तारा मात्र अदलाबदल करून जोडा, नाहीतर पुढच्या दाराच्या स्पीकरशी त्याची लय उलटी पडून मधला बास गायब होतो. चुंबक आणि तारा आता उघड्यावर आहेत, डिकीत पिशव्या टाकताना लक्षात ठेवा. काही जण मागची फळी कापून दुसरा खोका जोडतात; तसं करायचं तर खिडकी निदान कोनएवढी मोठी कापा. लहान भोकाने दोन खोके जोडले तर ते भोक स्वतःच पोर्टसारखं वागतं.

वाचक, कोल्हापूर: स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारा फायबरग्लासचा बॉक्स आहे. आकार वेडावाकडा. किती लिटर ते कसं कळणार?

दोन रीती. सोपी रीत: बीनबॅगमध्ये भरतात ते थर्माकोलचे दाणे आणा. १० लिटरची बादली काठोकाठ भरून वूफरच्या भोकातून ओता, किती बादल्या लागल्या ते मोजा, शेवटची अर्धी-पाव बादली लिटरच्या मापाने. बॉक्स आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर दाणे स्थिर विजेने सगळीकडे चिकटतात. नंतर व्हॅक्यूम क्लीनरने एकूण एक काढा. कॉइलमध्ये एक दाणा गेला तरी खरखर कायमची. ज्वारी-तांदळाने मोजायचा सल्ला लोक देतात. कोपऱ्यात अडकलेले चार दाणे उंदरांना पुरतात, आणि उंदीर स्पीकरची तारही खातो.

दुसरी रीत जास्त खरी, कारण ती वूफरला जाणवणारी जागा सांगते, फायबर असला तरी. लागतं काय: मोबाइलवर सूर काढणारं अॅप, १०० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर आणि साधा मल्टिमीटर. अॅम्पवरचे सगळे फिल्टर आणि बास बूस्ट बंद. अॅम्पच्या एका तारेत रेझिस्टर ओळीने जोडा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून वूफरच्या दोन टोकांवर लावा. अॅम्पमधून ४-५ व्होल्ट निघतील एवढाच आवाज. आता २० हर्ट्झपासून एक-एक हर्ट्झ वर जा. वूफरवरचे व्होल्ट जिथे सगळ्यात जास्त होतात तो अनुनाद. स्वस्त मल्टिमीटरही या पट्ट्यात ठीक चालतो.

आधी वूफर बाहेर, मोकळ्या हवेत, उभा धरून मोजा; टेबलावर पालथा किंवा चुंबकावर ठेवून नाही. समजा २८ आला. मग बॉक्समध्ये बसवून मोजा, समजा ४७. दुसऱ्याला पहिल्याने भागा, वर्ग करा, १ वजा करा: १.८२. व्हीएएस ६० लिटर असेल तर ६० भागिले १.८२, म्हणजे ३३ लिटर. दोन कॉइलचा वूफर असेल तर दोन्ही वेळा कॉइल एकाच पद्धतीने जोडलेल्या असू द्या. वूफर नवा कोरा असेल तर आधी दहा-बारा तास वाजवा, त्याचं निलंबन सैलावल्यावरच आकडा स्थिर होतो. पोर्टवाल्या बॉक्सवर दोन शिखरं दिसतील. त्यांच्या मधला खड्डा म्हणजे ट्यूनिंग. नाशिकच्या वाचकांनी पाइप कापण्याआधी आणि नंतर हे करावं. पाइप दोन सेंमी लांबच ठेवावा आणि मोजत मोजत कापावा, कारण कापलेला पुन्हा वाढत नाही.

हा आकडा आणि दाण्यांचा आकडा यांत फार तफावत आली तर बॉक्स बहुतेक कुठेतरी गळतो आहे, किंवा फायबरग्लासची भिंत पातळ आहे आणि वूफरबरोबर हलते आहे. भिंतीवर बोटांच्या पेरांनी वाजवा. ढोलकीसारखी बोलली तर आतून मॅटचे आणखी दोन-तीन थर द्यावे लागतील.

वाचक, मडगाव: एका बॉक्समध्ये दोन १० इंची वूफर आहेत, मध्ये फळी नाही. फळी घालावी का? जागा किती कमी होईल?

घाला. फळी नसताना एक वूफर बिघडला किंवा त्याची तार सुटली, की दुसऱ्याला सगळी जागा एकट्याला मिळते. त्याची स्प्रिंग निम्मी होते आणि तोही मरतो. ३२ × ३० सेंमीची १८ मिमी फळी १.७ लिटर खाते, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे ०.९ लिटर गेले. पुढची आणि मागची फळी एकमेकींना बांधली जाते हा वरचा फायदा. फळी हवाबंदच हवी, तार जायचं भोकसुद्धा एम-सीलने बुजवा. जुन्या बॉक्समध्ये वूफरच्या भोकातून अखंड फळी जात नसेल तर दोन तुकड्यांची करून सांध्यावर मागून पट्टी मारा.

वाचक, रत्नागिरी: एमडीएफचा बॉक्स दोन पावसाळ्यांत खालून फुगला, बास गेला. प्लायचा केला तर जागा बदलेल का?

जाडी तीच ठेवली तर नाही. तुमचा बास जागेमुळे गेलेला नाही. फुगलेल्या सांध्यातून हवा गळते आहे. वूफरच्या कोनला चारही बोटांनी सारखं, हलकेच आत दाबा आणि सोडा. चांगल्या सीलबंद बॉक्समध्ये तो रेंगाळत परत येतो, गळक्यामध्ये लगेच उडी मारतो. गळती शोधायला ३० हर्ट्झचा सूर हळू लावा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे थरथरतो तिथे फट. वायरिंगचं प्लास्टिकचं टर्मिनल सगळ्यात आधी तपासा, दहातल्या निम्म्या वेळा चोर तिथेच असतो. फायबर भरलेला बॉक्स असेल तर वूफर बसवलेला ठेवूनच उदबत्ती फिरवा, तो फायबर पेट घेऊ शकतो.

नवा करताना १८ मिमी मरीन प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० या भारतीय मानकाचा. आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआरही (उकळत्या पाण्याला टिकणारी) गाडीच्या आत चालून जाते, पण कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. आतून-बाहेरून दोन हात पॉलियुरेथेन, आणि खालच्या कडांना तिसरा. वूफर लाकडी स्क्रूने न बसवता टी-नट (लाकडात मागून रुतणारा नट) आणि बोल्टने बसवा. दरवर्षी उघडझाक केली तरी भोकं सैल होत नाहीत. बॉक्सखाली रबराचे चार पाय लावा, मॅटखाली साचलेलं पाणी तिथवर पोचत नाही.

वाचक, सोलापूर: रेक्रॉनऐवजी घरचा कापूस किंवा ग्लासवूल भरलं तर?

कापूस ओल धरतो, वर्षभरात तळाशी बसतो आणि त्याला बुरशी येते. ग्लासवूलचं काम चांगलं होतं, पण त्याचे काचेचे कण वूफरच्या मागच्या भोकातून कॉइलमध्ये शिरतात, आणि बॉक्स उघडताना हाताला आणि डोळ्यांना बोचतात. वापरायचंच असेल तर मलमलच्या पिशवीत शिवून भरा. २०० ग्रॅम रेक्रॉनसाठी एवढी खटपट कशाला, ते तुम्ही ठरवा.